जुळ्या आहेत, मग एकटीच डावरी कशी?

प्रश्न : काकू नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, मला सहा वर्षांच्या जुळ्या मुली आहेत, डॉक्टरांनी आयडेंटिकलच सांगितलंय. मोठी सगळं उजव्या हाताने करते आणि धाकटी जेवण सोडून सगळं डाव्याने. जेवणाचं पण सासूबाईंनी दामटून उजव्यावर आणलं. आता त्या म्हणतात लिहायचा हातही फिरव, पहिलीत आहे तोवरच जमेल. वर "हे तुझ्या माहेरचं" हे आहेच, कारण माझा भाऊ डावरा. मिस्टर म्हणतात दोघींचे जीन्स, म्हणजे जनुकं, एकच आहेत ना, मग हिलाच कसं झालं, काहीतरी बिघाड असणार. मध्ये गंगापूर रोडला एका क्लासमध्ये बोटांचे ठसे देऊन ब्रेनचा रिपोर्ट काढला, त्यात धाकटी ६२ टक्के राईट ब्रेन आली, आता तिचा लेफ्ट ब्रेन जागा करायचा कोर्स आहे म्हणे, निम्मी फी भरून बसलोय. त्यात रात्री मोबाईलवर वाचलं की मेंदूच्या डाव्या-उजव्याचे जीन्स आणि ऑटिझमचे (स्वमग्नतेचे) जीन्स एकमेकांत मिसळलेले असतात. तेव्हापासून झोप नाही. काय करू?
— दोघींची आई

उत्तर : अगं, तुझ्या पत्रातला सगळ्यात भारी प्रश्न तुझ्या मिस्टरांचा आहे, त्यामुळे तिथूनच सुरू करते, भले त्यांनी उत्तर चुकीचं काढलं असेल. जीन्स एकच तर हात वेगळे कसे? हाच प्रश्न संशोधक लोक कित्येक वर्षं घेऊन बसलेत आणि त्यासाठी त्यांना तुझ्या घरासारखीच घरं लागतात. आयडेंटिकल जुळ्यांच्या साधारण चार-पाच जोड्या घेतल्या तर त्यातल्या एका जोडीत एक डावरं आणि एक उजवं निघतं. म्हणजे तुझ्या घरी जे झालंय ते अजिबात जगावेगळं नाही. आणि गंमत बघ, जी जुळी आयडेंटिकल नसतात, नुसती एका वेळी जन्मलेली भावंडं असतात, त्यांच्यातही अशा वेगळ्या हातांच्या जोड्या जवळपास तेवढ्याच निघतात. हात जर जीन्सनीच ठरवला असता तर आयडेंटिकल जोड्यांमध्ये असा फरक दिसलाच नसता ना.

२००९ साली ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समधल्या जुळ्यांच्या कुटुंबांचा एक मोठा अभ्यास आला होता, साधारण २५ हजार कुटुंबं होती त्यात, आणि निष्कर्ष असा की माणसामाणसांत हाताचा जो फरक दिसतो त्यातला जेमतेम पाव हिस्सा जीन्समुळे येतो. आता हे "पाव" म्हणजे तुझ्या लेकीचा पाव हात जीन्सचा आणि पाऊण हात दुसऱ्या कशाचा असं नाही हं, मी बावीस वर्षं अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवली आणि दरवर्षी पोरं इथेच घसरायची. हा आकडा पूर्ण लोकसंख्येतल्या फरकांचा असतो, एका मुलीला तो लावता येत नाही. बरं, उरलेला पाऊण हिस्सा कुठून आला? तुला वाटेल घरच्या वळणातून, पण एका घरात एकत्र वाढण्याचा वाटा जवळपास शून्य निघाला. उरतं ते प्रत्येक बाळाचं आपापलं काहीतरी, पोटात असताना मेंदूच्या पेशी वाढताना, जोडल्या जाताना होणारे बारीकसारीक योगायोग. दोघी एकाच पोटात असल्या तरी एकाच जागी नव्हत्या आणि एकाच जागी असत्या तरी पेशी काही झेरॉक्स काढल्यासारख्या वाढत नाहीत.

आणि हे सगळं फार लवकर सुरू होतं. बेलफास्टच्या संशोधकांनी सोनोग्राफीत कोणतं बाळ कुठला अंगठा चोखतंय ते नोंदवून ठेवलं होतं आणि मग तीच ७५ मुलं दहा-बारा वर्षांची झाल्यावर पुन्हा गाठली. पोटात उजवा अंगठा चोखणारी ६० होती, ती सगळीच्या सगळी उजवी निघाली. डावा चोखणारी १५, त्यातली १० डावरी झाली आणि ५ उजवी. म्हणजे कल लवकर दिसतो पण शिक्का बसलेला नसतो. सासूबाईंना एवढंच सांग की आई, तुम्ही पहिला पाळणा हलवला त्याच्याही आधी पोरीचा हात बहुतेक ठरत आला होता.

आता माहेर. दोन्ही आईवडील उजवे असले तरी शंभरातली नऊ-दहा मुलं डावरी होतात, एक जण डावरा असेल तर साधारण एकोणीस-वीस, आणि दोघेही डावरे असले तरी फक्त सव्वीसच्या आसपास. हे आकडे बऱ्याच जुन्या अभ्यासांची गोळाबेरीज करून १९९२ मध्ये मांडले गेले. म्हणजे दोघं डावरे असूनही शंभरातली सत्तरच्या वर पोरं उजवीच. मग मामाचा हिशोब तो काय धरायचा! जगात साधारण दहातला एक डावरा असतो, त्यामुळे जरा मोठं खानदान असेल तर दोन्हीकडे कुणी ना कुणी निघणारच. फक्त सासूबाईंच्या पिढीतले डावरे दिसत नाहीत, कारण शाळेत फूटपट्टी खाऊन खाऊन ते उजव्याने लिहायला लागले. खात्री करायची असेल तर एखाद्या रविवारी सगळी मंडळी जमली की कॅरम काढ. सही उजव्या हाताने करणारे तुझे चुलत सासरे स्ट्रायकर कुठल्या हाताने मारतात ते नुसतं बघ, काही बोलू नकोस. गोट्या, विटीदांडू, झाडू, दरवाज्याची कडी, काडेपेटी, यात जुना हात बाहेर येतो.

जीन्सचं म्हणशील तर एक "डावरेपणाचा जीन" असा काही नसतो. एकेकाळी शोधला खूप लोकांनी, पण नाही मिळाला. २०२० मध्ये सतरा लाखांहून जास्त लोकांचा डीएनए एकत्र पाहून अभ्यास झाला तेव्हा डावरेपणाशी जोडलेल्या ४१ जागा सापडल्या, आणि प्रत्येक जागेचा परिणाम इतका बारीक की एकेकीवरून कुणाचाच हात सांगता येत नाही. पुढच्या वर्षी नेदरलँड्समधल्या नाइमेखनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या लोकांनी ब्रिटनमधल्या ३२ हजारांवर माणसांचे मेंदूचे स्कॅन आणि डीएनए जुळवून पाहिले, हाताचा विषय नाही, खुद्द मेंदूची डावी बाजू आणि उजवी बाजू कुठे जाड कुठे पातळ, कुठे मोठी कुठे लहान हे मोजलं. त्यात डाव्या-उजव्या फरकाशी जोडलेले २७ जनुकीय बदल निघाले. आणि मला आवडलेली गोष्ट ही की दोन्ही अभ्यासांत एकाच कुळातले जीन्स पुन्हा पुन्हा समोर आले, पेशीच्या आतल्या सांगाड्याचे. ट्युब्युलिन नावाचं प्रोटीन असतं, त्याच्या बारीक नळ्या बनतात, त्यांना मायक्रोट्युब्यूल म्हणतात, आणि मेंदूची वाढणारी पेशी याच नळ्यांच्या आधाराने कुठल्या दिशेला फाटा काढायचा, किती लांब जायचं ते करते. आपल्या पिंपळगावकडच्या द्राक्षबागेत मांडवाची तार जरा एका अंगाला कललेली असली की वेलही तिकडे जास्त पसरतो, तसं काहीतरी. पण तार कललेली म्हणून कुठला घड कुठे लागेल ते काही तारेवरून सांगता येत नाही. २०२४ मध्ये याच कुळातला एक जीन, टीयूबीबी४बी, त्यातले अगदी दुर्मिळ बदल डावऱ्या लोकांत उजव्यांपेक्षा २.७ पट जास्त वेळा दिसले. दुर्मिळ हा शब्द लक्षात घे, बाकीच्या बहुतेक सगळ्या डावऱ्यांमध्ये हे बदल नसतातच.

मिस्टरांच्या "बिघाड" शब्दाकडे येते. डावी-उजवी बाजू सारखी नसणं हा बिघाड असेल तर तो सगळ्यांच्याच डोक्यात आहे, त्यांच्याही. १८६१ मध्ये पॅरिसला ब्रोका नावाच्या डॉक्टरने एका पेशंटचा मेंदू मृत्यूनंतर तपासला, हा माणूस वर्षानुवर्षं "टॅन" एवढंच बोलू शकायचा, आणि इजा सापडली डाव्या बाजूला पुढच्या भागात. तेव्हापासून कळलं की बोलणं बहुतेकांचं डावीकडून चालतं. १९६८ मध्ये अमेरिकेत दोघा संशोधकांनी १०० मेंदू घेऊन कानामागचा, भाषेशी संबंधित एक भाग मोजला, ६५ मध्ये डावीकडचा मोठा, ११ मध्ये उजवीकडचा, २४ मध्ये जवळपास सारखा. पूर्ण मेंदूलाच किंचित पीळ असतो, उजवी बाजू पुढे जरा सरकलेली आणि डावी मागे. पीळ नसलेला मेंदू मी तरी कुठल्या पुस्तकात पाहिला नाही.

आणि डावरी म्हणजे भाषा उजवीकडे असंही नाही. पक्क्या उजव्या लोकांत साधारण ४ टक्क्यांची भाषा उजव्या बाजूने चालते, पक्क्या डावऱ्यांत साधारण २७ टक्क्यांची. म्हणजे चारातल्या तीन डावऱ्यांचं बोलणं तुझ्या-माझ्यासारखं डावीकडूनच. हात एक गोष्ट, भाषा दुसरी, आणि शरीराचं डावं-उजवं तर तिसरीच. काही लोकांचं हृदय उजवीकडे आणि लिव्हर डावीकडे असतं, आतलं सगळंच उलटं, तरी त्यातले बहुतेक जण उजव्या हाताचेच असतात. त्यामुळे बिल्डिंगमधलं कुणी "आरशातल्या जुळ्या", म्हणजे एकीचं सगळं दुसरीच्या उलट, वगैरे म्हणून घाबरवायला आलं तर मनावर घेऊ नकोस. हातसुद्धा एक गोष्ट आहे असं कुठे, सचिन लिहितो डाव्याने आणि बॅटिंग उजव्याने केली आयुष्यभर.

मग हे लेफ्ट ब्रेन राईट ब्रेन आलं कुठून? मूळ खरं होतं. रॉजर स्पेरी यांनी मेंदूच्या दोन बाजूंना जोडणारा पूल ऑपरेशनने कापलेल्या एपिलेप्सीच्या (फिट येण्याच्या आजाराच्या) पेशंटांवर काम केलं, दोन्ही बाजू वेगवेगळं काय करू शकतात ते दाखवलं, १९८१ मध्ये नोबेल मिळालं. पण तुझ्या पोरींचा तो पूल शाबूत आहे, त्यात वीसेक कोटी तंतू आहेत आणि दोन्ही बाजू सतत एकमेकींशी बोलत असतात. २०१३ मध्ये अमेरिकेत यूटा विद्यापीठात ७ ते २९ वयाच्या हजारावर लोकांचे स्कॅन पाहिले, कुठलं काम कुठे होतं त्यात डावं-उजवं दिसलं, पण पूर्ण माणूसच "लेफ्ट ब्रेनवाला" किंवा "राईट ब्रेनवाला" असं काही दिसलं नाही. तर ६२ टक्के म्हणजे कशाचे ६२ टक्के? क्लासवाल्याला हा एकच प्रश्न विचार आणि गप्प बस, तो काय बोलतो ते ऐकण्यासारखं असेल.

बोटांच्या ठशांचं तर विचारूच नकोस. बोटांवरच्या रेषा बाळ पोटात असताना चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमाराला बनतात, त्या कशा वळतील यात हातापायांची वाढ करणाऱ्या जीन्सचा हात असतो आणि बाकी पुन्हा योगायोग. आयडेंटिकल जुळ्यांचे ठसेही एकसारखे नसतात, म्हणून तर आधार कार्डात दोघी वेगळ्या ओळखू येतात. तेव्हा दोघींचे रिपोर्ट वेगळे येणारच होते, तू तुझे दोन अंगठे दोन नावांनी दिले असतेस तरी वेगळेच आले असते. इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने, म्हणजे देशातल्या मानसोपचार डॉक्टरांच्या संघटनेने, या ठशांवरून बुद्धी सांगण्याच्या टेस्टला शास्त्रीय आधार नाही असं जाहीर सांगितलेलं आहे. मला राग क्लासवाल्याचा कमी आणि त्याला शाळेत स्टॉल लावू देणाऱ्यांचा जास्त येतो, पण असो.

ऑटिझमबद्दल तू जे वाचलंस ते खोटं नाही, अर्धं आहे. त्या ३२ हजारांच्या अभ्यासात मेंदूच्या डाव्या-उजव्या फरकावर परिणाम करणारे काही बदल ऑटिझमशी, स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराशी आणि, हे लोक सांगायचं विसरतात, माणूस किती शिकतो त्याच्याशीसुद्धा थोडेफार जोडलेले निघाले. हजारो लोकांची सरासरी काढल्यावर दिसणारा हलका धागा आहे तो. ऑटिझम असलेल्यांमध्ये डावरे लोक जरा जास्त असतात, पण डावऱ्यांमधल्या बहुसंख्य लोकांना ऑटिझम नसतो, ही दोन वाक्यं एकच नाहीत. तुझ्या लेकीचा हात बघून ऑटिझम ओळखता येत नाही. बघायचं ते वेगळं असतं : नावाने हाक मारली की वळते का, बोलताना डोळ्यांत बघते का, बहिणीशी लुटुपुटूचा खेळ खेळते का, शाळेतलं घरी येऊन सांगते का, एखादा बदल झाला की फारच बिथरते का. यातलं काही खटकत असेल तर मुलांच्या डॉक्टरांकडे जा, तेही हात उजवा असता तरी जायला पाहिजे होतं म्हणून.

हातावरून डॉक्टरकडे जायची वेळ दोनच प्रसंगी येते आणि ते मी मुद्दाम सांगते कारण हे वाचणारी एखादी दुसरी आई असू शकते. बाळ वर्षाचं व्हायच्या आधीच ठामपणे एकच हात वापरायला लागलं आणि दुसरी मूठ आवळलेली किंवा ढिली राहत असेल तर, कारण तिथे आवड नसते, दुसरी बाजू कमजोर असू शकते. आणि मोठ्या मुलाने चालू असलेला हात अचानक वापरायचा सोडला तर, तेव्हा एक दिवसही थांबायचं नाही. तुझं पोरगं सहा वर्षांचं आहे आणि आपणहून डावा हात चालवतंय, त्यात काही बघण्यासारखं नाही.

लिहायचा हात फिरवू नकोस. फिरवता येतो, नाही असं नाही, आपल्या आधीच्या पिढीने फिरवलाच की. पण २००२ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी लहानपणी जबरदस्तीने उजव्यावर आणलेल्या मोठ्या माणसांना स्कॅनरमध्ये लिहायला लावलं, आणि आयुष्यभर उजव्याने लिहूनही त्यांच्या मेंदूची उजवी बाजू, म्हणजे मूळच्या डाव्या हाताची बाजू, लिहिताना काम करतच होती. हात फिरला, मेंदू पुरता फिरला नाही. मग पहिलीतल्या पोरीला अक्षर शिकायच्या वयात हे दुप्पट काम कशाला लावायचं.

त्यापेक्षा तिची वही सरळ कर. म्हणजे तिरकी कर! उजवी मुलं वही डावीकडे कलवतात, हिची उलट, वरचा डावा कोपरा वर आणि उजवा कोपरा खाली, आणि वही छातीसमोर न ठेवता जरा डावीकडे. पेन्सिल टोकापासून इंचभर वर धरू दे म्हणजे लिहिलेलं तिलाच दिसेल, नाहीतर मग ही मुलं मनगट वरून आकड्यासारखं वाकवून लिहितात आणि ती सवय नंतर जात नाही. तळहाताची कड काळी होणार, ते पेन्सिलीचं ग्राफाइट आहे, साबणाने जातं, त्यावरून बाईंनी वहीत शेरा लिहिला तर शांतपणे भेटून ये. आपल्या अक्षरांच्या डोक्यावरची रेघ आहे ना, ती डावरी मुलं कधीकधी उजवीकडून डावीकडे ओढतात कारण ढकलण्यापेक्षा ओढणं सोपं जातं, ओढू दे, रेघ ती रेघ. बेंचवर तिला डाव्या टोकाला बसवायला सांग, नाहीतर शेजारणीच्या कोपराशी दिवसभर मारामारी. आणि डाव्या हाताची कात्री आण, ऑनलाईन मिळते, मेन रोडला स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात विचारलं तर मागवूनही देतात. साध्या कात्रीने डाव्या हाताने कापताना कापायची रेघच पात्यामागे लपते, आणि मग क्राफ्टच्या तासाला "हिला नीट जमत नाही" असा शेरा येतो.

जेवणाचं आता बसलंय तर राहू दे, पोरगी वैतागत नसेल तर त्यावरून घरात युद्ध नको. देवाचं, प्रसादाचं, ओवाळायचं उजव्या हाताने कर म्हटलं तर ही मुलं सहज करतात, सासूबाईंचा तेवढा मान राख आणि बदल्यात पेन्सिल मागून घे. हा सौदा बहुतेक घरांत पटतो, मी तीन-चार घरांत करून दिलाय.

कुणी म्हणेल जीन टेस्ट करून घ्या. नको. वर सांगितलेल्या सगळ्या जागा तपासल्या तरी डावरी की उजवी हे धड सांगता येत नाही, आणि तुझ्याकडे तर दोघींचा डीएनए सारखाच आहे, एकच रिपोर्ट दोघींना लागू पडायचा. त्या पैशात पोरींना पोहायला घाल.

राहिली कोर्सची फी. आधी व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर लेखी कळव की कोर्स करायचा नाही, पैसे परत हवेत, फोनवर बोलून सोडू नकोस. पावती, जाहिरातीचा कागद आणि तो ६२ टक्क्यांचा रिपोर्ट तिन्हीचे फोटो काढून ठेव. टाळाटाळ करायला लागले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर फोन लाव, मराठीत बोललं तरी चालतं, तक्रारीचा नंबर मिळतो तो लिहून घे आणि तोच नंबर क्लासवाल्याला पाठव. तिथूनही काही हललं नाही तर आपल्याकडे जिल्हा ग्राहक आयोग आहे, छोट्या रकमेसाठी वकील लागतोच असं नाही, अर्ज स्वतः करता येतो.